कुणालाच उघडू नये असा चाकू

समोरच्या दातांवर टोप्या बसवल्या तेव्हा डॉक्टरांनी बजावलं, यापुढे कडक काही दातांनी तोडायचं नाही. मी तेव्हा दौलताबादच्या शाळेत शिकवत होते. शाळेसमोरच्या थांब्यावर बायका जांब विकायला बसत. पुण्याकडे त्याला पेरू म्हणतात. शाळा सुटली की एक जांब खात औरंगाबादच्या बसची वाट बघायची, एवढं एकच काम मी दिवसभरात दुसऱ्या कुणासाठी करत नव्हते. ते सोडायची माझी तयारी नव्हती. म्हणून पर्समध्ये ठेवायला घडीचा चाकू घेतला.

तो आठवडाभरही पर्समध्ये टिकला नाही. सासूबाईंना कोथिंबीर चिरायला तो फार आवडला. परत मागितला तर त्या आपल्या माहेरच्या, पिशोरच्या ठसक्यात म्हणाल्या, "पर्समंधी पडून गंजल तो. इथं कामाला तरी येतो." दुसऱ्या चाकूनं नवऱ्यानं रंगाचा डबा उघडला आणि त्याचं टोक मोडलं. तिसऱ्यानं मुलीचा वाढदिवसाचा केक कापला. नंतर तो कुणी पुसला नाही, आणि क्रीम वाळून मिटेनासा झाला. आमच्या घरात छत्री सगळ्यांची, पावडरचा डबा सगळ्यांचा, माझा चष्मासुद्धा सुई ओवायला सगळ्यांचा. मी थांब्यावर जांब हुंगत उभी राहायची आणि मनातल्या मनात सगळ्यांवर चिडायची.

मग एकदा डोक्यात प्रकाश पडला. आजवर मी चांगले चाकू घेत होते, तिथंच चुकत होतं. गुलमंडीच्या बाजारात, आधीचे तिन्ही चाकू घेतले त्याच दुकानात गेले आणि म्हटलं, उघडायला सगळ्यात अवघड असेल तो दाखवा. दुकानदारानं आधी माझ्याकडे, मग पर्सकडे बघितलं. अशी मागणी त्याच्याकडे आजवर कुणी केली नसावी. बराच वेळ शोधून त्यानं एक काळ्या मुठीचा चाकू काढला. तो उघडताना त्याचंच तोंड वाकडं झालं. "म्याडम, ये नक्को," तो म्हणाला, "बहोत सख्त है." मी तोच घेतला.

गच्चीवर बसून सराव केला. नखानं ओढलं तर नख तुटायचं. पण पदराचं टोक पात्यावर धरून ओढलं की स्वारी कुरकुरत का होईना उघडायची. ही युक्ती मी कुणाला सांगितली नाही. घरात सगळ्यांनी आपापली ताकद आजमावली. नवरा तर लालबुंद झाला. सासूबाई म्हणाल्या, "हे ध्यान कुठून आणलंस? नाय उघडत." मीही चेहरा पाडून म्हटलं, हो ना, फसलेच मी.

त्यानंतरचे दिवस सुखाचे गेले. थांब्यावर उभं राहायचं, पदर सरसावायचा, जांबाच्या फोडी करायच्या, वर जांबवालीकडचं तिखटमीठ. बस उशिरा आली तर बरंच वाटायचं.

एका रविवारी नवरा बाहेरून आला तो विजयी मुद्रेनं. माझ्या पर्समधला चाकू घेऊन तो गुलमंडीत गेला होता, दुकानदाराशी भांडला होता आणि चाकू बदलून आणला होता. माझ्या बायकोला फसवता काय, असंही त्यानं ऐकवलं म्हणे. नवा चाकू फुंकर मारली तरी उघडेल असा होता. तो मी हातात घेईपर्यंत स्वयंपाकघरातून सासूबाईंची हाक आली, आण बरं इकडं.

"मला तो उघडत होता," मी म्हटलं.

"मग फसले म्हणालीस ते?" त्यानं विचारलं. मी दिवसभर अबोला धरला. चाकूवरून कुणी रुसतं का, हे त्याला कळेना. पण आपलं काहीतरी चुकलं एवढं त्या बिचाऱ्याला कळलं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत पर्स उघडली तर आत एक डबा. डब्यात जांबाच्या फोडी, बिया काढलेल्या, तिखटमीठ लावलेल्या. पहाटे उठून नवऱ्यानं नव्या चाकूनं कापल्या होत्या. सगळ्या शिक्षिका भोवती जमल्या. फोडी खाता खाता एक म्हणाली, बाई, असा नवरा मिळायला नशीब लागतं.

"नवरा तर होताच हो," मी म्हटलं. "मला चाकू हवा होता."