चाऱ्याच्या गाड्या माघारी फिरवणारे शिंगाडे सर

शिंगाडे सरांची आणि माझी पहिली भेट वजनकाट्यावर झाली. पऱ्हाटीपासून, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांपासून, इंधन बनवणारा मोठा कारखाना आपल्या शहराबाहेर नुकताच सुरू झाला होता. सर वाहतूकप्रमुख, मी प्रयोगशाळेत नवा. शिगोशीग भरलेल्या ट्रककडे बोट दाखवून ते म्हणाले, "बघा, गाडी भरली, पण वजन भरलं नाय. सिल्लोडहून आपण निम्मी हवाच वाहून आणतोय."

सर मेंढपाळांच्या घरातले. वैरण किती लांबून आणणे परवडते, हे ते लहानपणीच शिकले होते. कारखाना जितका मोठा, तितक्या दूरवरून माल आणावा लागेल आणि नफा डिझेलमध्येच जाईल. त्यापेक्षा गावोगावी गठ्ठे दाबणारी यंत्रे बसवा, असे त्यांनी लेखी कळवले. कोणी ऐकले नाही.

पुढे दुष्काळ पडला. पऱ्हाटी मिळेना, तेव्हा मक्याचा कडबा उचलण्याचा हुकूम आला. सिल्लोडजवळच्या एका गावात गाड्या भरून झाल्या होत्या. ओलावा तपासायला मीही गेलो होतो. शकीलाबी नावाच्या वृद्ध बाई सरांसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"साब, तुमी हे नेलं तर माझी म्हैस काय खाईल? इकत घ्यायला बी चारा नाय राह्यला गावात."

 सर चालकांकडे वळून म्हणाले, "गाड्या फिरवा. माल जनावरांच्या छावणीत उतरवा."

कंपनीचा माल परस्पर दिल्याचा ठपका त्यांच्यावर आला. चौकशीत मला विचारले गेले, बाई काय म्हणाल्या, गावात चारा होता का? नोकरीच्या भीतीने मी सांगितले, "मी काही पाहिलं नाही." सरांना काढून टाकण्यात आले.

वाहतूक न परवडल्याने कारखानाही बंद पडला. तिथे आता प्लॉट पडले आहेत. मी बेकार झालो, तेव्हा सर आपणहून मुकुंदवाडीला माझ्या घरी आले. एका महाविद्यालयातल्या जागेची माहिती त्यांनी आणली होती. मी म्हणालो, "सर, चौकशीत मी..."

"पोरं लहान होती तुमची," ते म्हणाले. "बसा, अर्ज लिहू."

त्या नोकरीवर माझे घर उभे राहिले. सरांना मात्र पुन्हा कुठे कायमचे काम मिळाले नाही.

आज सर पंचाहत्तर वर्षांचे झाले. त्यांची दृष्टी अधू झाली आहे; हा लेख कुणीतरी त्यांना वाचून दाखवील. त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. आणि सर, त्या दिवशी मी सगळे पाहिले होते.