बिनपाण्याच्या बॅटऱ्या

सडक अर्जुनीत हायवेला लागून माझं बॅटरीचं दुकान आहे. गाडी बंद पडल्याशिवाय आमच्याकडे कोणी येत नाही, आणि बंद गाडीतून उतरलेला माणूस काहीतरी बोलून जातोच. बारा वर्षांत असं बरंच साचलं. दुकानात आम्ही दोघंच. मी, आणि आमचे मिस्त्री रामटेके काका.

*

एक ट्रकवाला आला. काउंटरवर मला पाहून म्हणाला, "मालिक को बुलाओ."

"बोला, मीच आहे."

त्याला ते पटलं नाही. काका जेवायला गेले होते, म्हणून मीच मीटर घेऊन ट्रककडे गेले. बॅटरी ठणठणीत होती, अल्टरनेटरचा पट्टा ढिला होता. तो कसून दिला. ट्रक चालू!

निघताना खिडकीतून खुशीत ओरडला, "मैडम, मालिक आए तो बोलना, मिस्त्री अच्छा रखा है!"

*

बिसेन पाटलांनी ट्रॅक्टरसाठी मेंटेनन्स-फ्री बॅटरी नेली. सीलबंद. पाणी टाकायची भानगड नाही, हे मी दोनदा सांगितलं. महिनाभरात बॅटरी परत! वर ओळीनं सहा भोकं.

"पाटील, हे काय केलं?"

"कंपनी झाकणं लावाले विसरली. म्हून म्या ड्रिलनं पाडली."

"पण हिला पाणी लागतच नाही!"

पाटील माझ्यावरच तापले. "वीस वर्षं जुनीले पाणी पाजलं, अन् नवीले उपाशी ठेवू काय?"

*

एका राइस मिलच्या मॅनेजरचा फोन आला. "ताई, तुमची बॅटरी डेड निघाली! लाइट गेली, जनरेटर उठत नाही, पूरी मिल बसून राहिली!"

बॅटरी आदल्याच दिवशी नेलेली. त्यांच्याच माणसानं बसवलेली. काका मोटरसायकलवर गेले. पाहतात तर बॅटरीवर हळदकुंकू, झेंडूचा हार, बाजूला फोडलेला नारळ! काकांनी हार काढून बाजूला ठेवला. खाली वायरचा क्लॅम्प नुसताच टेकवलेला. दहा नंबरच्या पान्यानं नट आवळला, बटन दाबलं. जनरेटर धडधडला.

मॅनेजरनं हात जोडले. "काका, होतं तरी काय?"

"काही नाही. पूजा झाली होती, कनेक्शन राहिलं होतं!"

*

दिलीप नागझिऱ्यात पर्यटकांची जिप्सी चालवतो. एकदा समोर वाघ दिसला म्हणून त्यानं इंजिन बंद केलं, ते परत चालूच होईना. पंधरा पावलांवर वाघ बसलेला. मागे सहा पाहुणे, छत उघडं. दिलीपची पाचावर धारण बसली. अर्ध्या तासानं वाघ जांभई देऊन आपणहून गेला, आणि दुसऱ्या जिप्सीनं यांना ओढत आणलं.

दुसऱ्या दिवशी तो नवी बॅटरी घ्यायला आला. काका जुनी काढत होते, तेवढ्यात त्याचा फोन वाजला. बोलणं झाल्यावर त्यानं काकांचा हात धरला.

"काका, जुनी फेकू नका. उद्याचे पाहुणे म्हणून राहिले, काल बंद पडली तेच गाडी पाहिजे!"

*

शालिकभाऊ नवेगाव बांधची मासळी पिकअपनं गोंदियाला पोचवायचे. रस्त्यात कोणाचीही गाडी अडकलेली दिसली की आपली थांबवून धक्का मारायला उतरायचे. बॅटरी मात्र नेहमी आमच्याकडूनच. आजारी पडले, नागपूरला दवाखान्यात होते, तिथंच गेले.

त्यांना गावाकडे नेणारी शववाहिनी नेमकी आमच्या दुकानासमोर बंद पडली. आत त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, बसलेल्या. मागून धाकटा भाऊ शालिकभाऊंचीच पिकअप घेऊन येत होता. काकांनी तपासलं. शववाहिनीची बॅटरी पार गेलेली.

चहाच्या टपरीवरचे पाच-सहा जण धक्का मारायला धावले. वहिनी खाली उतरल्या.

"थांबा. जन्मभर यायनं दुसऱ्याच्या गाड्या ढकलल्या. आज यायले कोणी ढकलू नका."

मी शेल्फवरची नवी बॅटरी उचलली. त्यांनी मान हलवली. "नवी नको, ताई. यायच्या गाडीची काढा."

काकांनी पिकअपची बॅटरी काढली. ती शववाहिनीच्या खाचेत नीट बसेना, तर ट्यूबच्या पट्टीनं बांधली. पिकअप आमच्या दारातच राहिली, भाऊ वहिनींजवळ जाऊन बसला. ड्रायव्हरनं किल्ली फिरवली.

एका सेल्फमध्ये चालू!

वहिनींनी काकांकडे पाहिलं आणि हसल्या.

"पाहिलं काका? यायच्या गाडीनं दुसरा सेल्फ कधी घेतलाच नाही."