घरी जाऊन राह्यलो

युनूसभाऊ माझ्या गिरणीत शेवटचे आले ते दुपारी, गिऱ्हाईक नसतं त्या वेळी. मोटर घरघर करत होती म्हणून मीच बोलावलं होतं. त्यांनी नेहमीसारखं पेचकसाचं टोक मोटरच्या अंगाला लावलं, मूठ कानाशी दाबली आणि डोळे मिटून ऐकलं, डॉक्टर छाती ऐकतो तसं. "मागची बेअरिंग गेली. उद्या आणतो," म्हणाले. चहाला नको म्हणाले. पेचकस खिळ्याला अडकवला आणि दारापर्यंत गेले. मी सहज विचारलं, "कुठं निघाले, युनूसभाऊ?" ते थांबले. असे ते नेहमीच थांबायचे... मग म्हणाले, "घरी." एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या बायकोचा, शमीमभाभींचा फोन आला, "भाभी, ये उठ नहीं रहे." मी शटर अर्धं ओढून धावले, पण जायचा तो माणूस झोपेतच गेला होता. याला आता दीड महिना झाला. 'घरी' या शब्दापुढे त्यांनी काहीच का जोडलं नाही, हे गावात बहुतेकांना ठाऊक आहे. गावाबाहेरच्यांना ठाऊक व्हावं म्हणून हे लिहिते आहे.

युनूसभाऊ मोटर बांधायचे. जळलेल्या मोटरमधली तार काढून नवी भरायचे. विहिरीवरचे पंप, पिठाच्या गिरण्या, कापसाच्या जिनिंगची यंत्रं, सगळं त्यांच्याकडे यायचं. तरुणपणी वणीला कोळशाच्या ट्रकांच्या गॅरेजात वायरिंग शिकले, मग गावी येऊन नेर रस्त्यावर माझ्या गिरणीला लागून दुकान टाकलं. माझ्या नवऱ्याचे ते शाळेपासूनचे दोस्त, म्हणून मी त्यांची भाभी. बोलायला तिखट. "भाभी, मोटर बिघडत नाही तुमची. तुम्ही गहू अन् मिरची एका दमात दळून राह्यल्या, तिले ठसका लागते," असं भर गिऱ्हाइकात सुनवायचे. घरी ते हिंदी बोलत, दुकानात आमच्यासारखंच वऱ्हाडी. आणि आमच्या वऱ्हाडीत, पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगते, 'मी जाऊन राह्यलो' म्हणजे 'मी जातो आहे'. 'जेवून राह्यलो' म्हणजे जेवतो आहे, हात अजून ताटात आहे. हिंदीत 'जा रहा हूँ' म्हणतात, तसंच. तुमच्या मराठीत 'जाऊन राहिलो' म्हणजे गेलो आणि तिथंच मुक्काम केला. एवढाच फरक. या फरकापायी माणूस दहा वर्षं आत गेला.

गावाबाहेरच्या जिनिंगच्या फाटकाजवळ एका संध्याकाळी तिथला चौकीदार मेलेला सापडला, डोक्यात मार लागून. त्याच दिवशी युनूसभाऊ तिथं मोटर बसवायला गेले होते आणि स्कूटर फाटकात लावण्यावरून त्यांची चौकीदाराशी कचकच झाली होती. बस, पोलिसांना तेवढं पुरलं. दोन जणांनी साक्ष दिली की त्या सुमारास युनूसला स्कूटरवर त्या रस्त्यानं जाताना पाहिलं. पाहिलं असणारच, घरी जायचा दुसरा रस्ताच नाही.

कोर्टात शमीमभाभींबरोबर मी मागच्या बाकावर बसले होते. जज्जसाहेब बाहेरचे, नवीन बदलून आलेले, बोलणं स्वच्छ आणि सौम्य. त्यांनी विचारलं, "त्या वेळी आपण कुठे होतात?" युनूसभाऊंनी हात जोडले आणि म्हणाले, "साहेब, मी तं घरी जाऊन राह्यलो होतो." टाइप झालं, 'मी घरी जाऊन राहिलो होतो.' आम्ही ऐकलं तेव्हा काही वावगं वाटलं नाही, कारण वावगं काही नव्हतंच. कागदावर काय उतरलं ते निकालाच्या दिवशी कळलं. आरोपी म्हणतो घरी होतो, साक्षीदार म्हणतात रस्त्यावर होता, तपास करणारे पोलीस साहेबही पिंजऱ्यात उभे राहून सांगून गेले होते की विचारपूस केली तेव्हाही यानं घरी असल्याचीच बतावणी केली. म्हणजे आरोपी खोटं बोलतो, आणि निर्दोष माणूस खोटं कशाला बोलेल? जन्मठेप. साक्षीदार आणि आरोपी एकच गोष्ट सांगत होते, आणि कोर्टाला त्यात विसंगती दिसली!

जज्जसाहेब बाहेरचे, त्यांचं एक वेळ सोडून देऊ. पण बाकीचे? सरकारी वकील इथले, टाइप करणारा इथला, पोलीस साहेब याच मातीतले. दाराशी उभा असलेला शिपाई त्याच वेळी व्हरांड्यात ओरडत होता, "कोण बोंबलून राह्यलं रे तिकडे?" त्या खोलीत एका माणसाखेरीज प्रत्येकाला त्या वाक्याचा अर्थ कळत होता. निकालानंतर मी आमच्या वकिलांना जिन्यातच गाठलं. "वकीलसाहेब, तुम्ही तर इथलेच, दारव्ह्याचे. तुम्ही काहून बोलले नाही?" फाइल बगलेत मारत ते म्हणाले, "मले वाटलं, साहेबाले समजलं असन." जिन्यावरून उतरताना ते कोणाशी तरी फोनवर बोलत होते, "हो हो, खाली येऊन राह्यलो."

शमीमभाभींचा राग वेगळाच होता. जेलच्या भेटीत जाळीला धरून त्या नवऱ्यावर ओरडल्या, "घर में रात-दिन हिंदी, और वहाँ जाके मराठी सूझी! जा रहा था बोल देते, तो आज घर में रहते!" युनूसभाऊ खाली मान घालून म्हणाले, "कोर्ट है. मराठी में पूछा, तो मराठी में बोला. इज्जत रखी." मी शेजारीच उभी होते.

दहाएक वर्षांनी वरच्या कोर्टात त्यांना एक चांगली वकील मिळाली, आमच्याच भागातली तरुण मुलगी. ते वाक्य वाचून ती आधी हसली, मग तिचं हसू गेलं. तिनं ते मांडलंही. पण चौकीदाराचा मृत्यू पोलीस म्हणत होते त्या वेळेला झालाच नसावा, हे डॉक्टरच्या कागदावरून दिसत होतं, आणि वरच्या कोर्टाला तेवढं पुरलं. बाकीच्या मुद्द्यांत जाण्याची गरज नाही, म्हणाले. संशयाचा फायदा देऊन सोडलं. युनूसभाऊ घरी आले तेव्हा अंगणात बसून त्यांनी तो शब्द दोनतीनदा उच्चारला. "फायदा... भाभी, माही अम्मी गेली, माती द्यायले भेटलं नाही. पोरीचा निकाह माह्याबिगर झाला. अन् हे म्हणते, फायदा."

त्यांना नुकसानभरपाई नको होती. खरं तर हवी असायला हवी होती, मी तसं म्हटलंही. पण त्यांचं एकच म्हणणं होतं. सुटलो, पण खोटारडाच राहिलो. ज्यानं लिहिलं, ज्यानं सांगितलं, त्यांच्यापैकी एकानं तरी म्हणावं की युनूस खोटं बोलला नव्हता. त्यासाठी ते यवतमाळला किती ऑफिसांत गेले, विचारू नका. दरवाजे वेगळे, उत्तर एक, हे आमच्याकडे येत नाही. माझ्या गिरणीत एखादीच्या गव्हात दुसरीची ज्वारी मिसळली, तर मी गहू भरून देते आणि चूक झाली म्हणते. त्यात माझं नाक कापलं जात नाही. कोर्टकचेरीत बहुधा नाकं फार नाजूक असतात.

जेलमधून आल्यावर त्यांचं बोलणं बदललं. 'राह्यलो' हा शब्द त्यांनी टाकला. बोलता बोलता क्रियापदाशी आले की थांबायचे, मग पुस्तकातलं काढायचे, "मोटर गरम... होत आहे." दुकानावर पोरंटोरं हसायची, "काय युनूसभाई, पुण्याच्या जेलातून सुटून आले का?" ते हसायचे नाहीत. जास्तच अडलं तर क्रियापद गाळूनच टाकायचे.

मागल्या वर्षी सणांच्या आधी गावात शांतता समितीची बैठक झाली. तेच पोलीस साहेब, आता मोठ्या हुद्द्यावर, मधल्या खुर्चीत. भाषणं झाली, आणि युनूसभाऊ उठले. शब्द तोलून म्हणाले, "साहेब, मला एकच विचारायचे आहे. 'मी घरी जाऊन राह्यलो होतो', याचा अर्थ काय?" साहेबांनी त्यांना ओळखलं, आणि हसले. "अरे युनूस! सुटला ना तू? मंग आता कायले जुनं उकरून राह्यला?"

लोकांना एक क्षण लागला. मग कोणीतरी फिस्सकन हसलं, आणि सगळेच हसले. युनूसभाऊ हसले नाहीत. "साहेब, आत्ता तुम्ही जे म्हणालात, तेवढेच तुम्ही कोर्टात म्हणायचे होते." साहेब हसतच होते. "चहा द्या रे याले," म्हणाले, आणि पुढच्या विषयाकडे वळले. गणपतीचा रस्ता कोणता, हा विषय होता. चहाचा कप युनूसभाऊंच्या हातात आला, त्यांनी तो खुर्चीखाली ठेवला आणि निघून आले. त्यानंतर ते कुठल्याही ऑफिसात गेले नाहीत. मला वाटतं, त्यांना जे ऐकायचं होतं ते त्या दिवशी ऐकायला मिळालं, आणि ऐकणारे सगळे हसले... त्यापुढे जाण्यासारखी जागा उरली नव्हती.

मयतीला गाव लोटलं होतं. सगळे म्हणत होते, माणूस सच्चा होता. हे दहा-बारा वर्षं आधी आणि जरा मोठ्यानं म्हणायला हवं होतं, असं मी तिथंच म्हटलं. दोघं-तिघं रागावले. रागावू देत.

बेअरिंग मी दुसऱ्याकडून बदलून घेतली. गिरणी बंद ठेवून माझं भागत नाही. मोटरमधली तार मात्र अजून युनूसभाऊंनी भरलेलीच आहे आणि त्यांचा पेचकस त्याच खिळ्याला आहे. शमीमभाभींनी नेला नाही, मी दिला नाही. रोज संध्याकाळी मी शटर ओढते तेव्हा रस्त्यावरून कोणी ना कोणी विचारतं, "काय भाभी, निघाल्या का?" आधी मी नुसती मान हलवायचे. आता पूर्ण वाक्य म्हणते, जरा मोठ्यानं, "हो, घरी जाऊन राह्यली."

आजवर एकानंही त्याचा चुकीचा अर्थ लावलेला नाही.