फाऊलच्या रकान्यातला नवस

तंजावरच्या राजांमागोमाग आमची माणसं कुंभकोणमला आली, तेव्हापासून घरात कुणाचं डोकं दाराच्या चौकटीला लागलं नव्हतं. माझं लागलं. त्या उंचीच्या जोरावर मी बास्केटबॉल खेळू लागलो आणि थोड्या वर्षांपूर्वी एका व्यावसायिक लीगमधल्या संघानं मला करारावर घेतलं. गुण करायला नव्हे. ते करणारे देखणे लोक वेगळे होते. मला घेतलं होतं ते समोरच्या धिप्पाड माणसाच्या वाटेत उभं राहायला. हे काम मी इतकं मन लावून करायचो की पंचांची शिट्टी माझ्यासाठीच केल्यासारखी वाटे.

सामना संपला की लीगच्या पानावर आकडेवारी यायची. खेळाडूमागे एक ओळ: किती मिनिटं खेळला, किती गुण केले, रिंगवर आपटून आलेले किती चेंडू पकडले, किती फाऊल केले. रकान्यांच्या डोक्यावर इंग्रजी अक्षरं, तीही आखूड. पहिल्या सामन्यानंतर मी ते पान कौतुकानं वडिलांच्या, म्हणजे अप्पांच्या, फोनवर पाठवलं.

अप्पांचा फोन म्हणजे आत्याचा फोन. आत्या अप्पांची थोरली बहीण. माझी आई लवकर गेली, मला वाढवलं तिनंच. तिनं जन्मभर शाळेत गणित शिकवलं होतं, त्यामुळे आकड्यांचं पान दिसलं की ते कुणाला विचारण्यात तिला कमीपणा वाटे. प्रगतिपुस्तक वाचावं तसं तिनं ते वाचलं. गुण दोन. बरं नाही. पकडलेले चेंडू तीन. तेही बेताचंच. मग एका रकान्यात चार दिसले, आणि दोन्ही संघांत त्या रकान्यात चार दुसऱ्या कुणालाच नव्हते.

"ह्या विषयांत पोर पहिला आला अहे," ती अप्पांना म्हणाली.

तो रकाना फाऊलचा होता.

पण आत्या चारावर समाधान मानणारी बाई नव्हे. आमच्या संघातल्या त्या देखण्या लोकांचे आकडे कुठे वीस, कुठे बारा; तिच्या मुलाचा, मिनिटं सोडली तर, एकही आकडा दोन अंकी नसावा हे तिला सोसलं नाही. ती उठली, देवघरातल्या विठ्ठलापुढे उभी राहिली आणि नवस बोलली: ह्या रकान्यांत पोराचे दहा होईपर्यंत कॉफी घेणार नाहीं.

हा नवस कुंभकोणममध्ये बोलला गेला, हे ध्यानात घ्या. इथे माणूस रागाच्या भरात घर सोडेल, सख्ख्या भावाशी बोलणं सोडेल, कॉफी सोडत नाही. आत्याचा दिवस फिल्टरमधून गळणाऱ्या पहिल्या थेंबानं सुरू व्हायचा. तिच्या शनिवारच्या भजनातल्या लोकांना बातमी कळली तेव्हा दोघी बायकांनी म्हणे डोळ्यांना पदर लावला.

अप्पांनी मला फोन केला तो गल्लीतून, दबक्या आवाजात. "तो रकाना कशाचा रे?"

मी सांगितलं.

"सेरी, बरें. मग दहा केव्हां होतील?"

"कधीच नाही, अप्पा. पाच झाले की मैदानाबाहेर काढतात."

मागे रिक्षांचे हॉर्न वाजत होते. अप्पांनी आवाज आणखी खाली आणला. "अक्काला सांगूं नको," ते म्हणाले. "भजनांत सगळ्यांस सांगून बसली अहे. अत्तां कळलें तर भिंतीवर डोकें आपटून घेईल."

पुढच्याच सामन्यात माझे पाच झाले. पंचांनी बाहेर घालवलं, मी मान खाली घालून बाकावर जाऊन बसलो, डोक्यावर टॉवेल घेतला. त्या संध्याकाळी आत्याचा फोन. आवाज आनंदानं नुसता फुटत होता.

"पाच जाले रे! अर्धें जालें! पाच होतांच तुला कसें मानानें बसवलें, फोनवर पाहिलें मी. टॉवेल पण दिला."

तिनं भजनात रव्याचे लाडू वाटले होते. इकडे प्रशिक्षक मला म्हणाले होते, असेच फाऊल करणार असशील तर पुढच्या हंगामाचा करार विसर. मी काय करावं? हात आवरला की आकडेवारीत फाऊल एक किंवा दोन यायचे, आणि फोनवर आत्या विचारायची, "बरें नाहीं कां तुला? नीट जेवतोस कीं नाहीं?" हात सुटला की प्रशिक्षक तोंड फिरवून बसायचे. समोरच्याला ढकलताना मला खरोखर तिचा कॉफीचा टंब्लर दिसायचा. असा बचाव कुठल्याही प्रशिक्षकानं शिकवलेला नाही.

घरची हालहवाल अप्पा गल्लीतून कळवत. कॉफीवाचून आत्याचं डोकं दुखे, आणि तिचं दुखलं की सगळ्यांचं दुखे. दूधवाल्याशी भांडण झालं. भजनात झांज वाजवणाऱ्या म्हाताऱ्यांना तिनं सगळ्यांसमोर ताल शिकवला. त्यानंतर दोन शनिवार ते गृहस्थ आले नाहीत. अप्पा आपली कॉफी कोपऱ्यावरच्या दुकानात पीत आणि घरात शिरण्याआधी चूळ भरत. सत्तरीचा माणूस, विडी ओढून आलेल्या पोरासारखा.

हंगाम संपला. करार होणार की नाही हे अजून कळलेलं नव्हतं. घरी आलो तर आत्या दारातच उभी. वाळली होती. डोळ्यांखाली काळं आलं होतं. मला एकदम भडभडून आलं आणि रागही आला, स्वतःचा, तिचा, विठ्ठलाचा, सगळ्या लीगचा. अप्पा मागून खुणा करत राहिले आणि मी चप्पल काढता काढता बोलून गेलो.

"आत्या, तो रकाना चुकांचा आहे. पाच चुका झाल्या की हाकलतात. दहा होणं शक्यच नाही."

ती पाटावर बसली. अप्पांनी पाण्याचं भांडं पुढे केलं, ते तिनं घेतलं नाही.

"म्हणजे मी विठ्ठलाकडे तुझ्या चुका मागत होतें?"

"हो."

"आणि त्यानें दिल्या?"

"भरभरून."

तिनं फोन मागितला. मी संपूर्ण हंगामाची आकडेवारी उघडून दिली. चष्मा कपाळावर चढवून तिनं फाऊलच्या रकान्यातली बेरीज पाहिली, मग एकेक सामना मागे मागे गेली. गणिताची बाई होती ती.

"तिसऱ्या सामन्यांतच दहाच्या वर गेलें कीं रे," ती म्हणाली. "एकाच सामन्यांत दहा असें मी कुठें बोललें होतें? रकान्यांत दहा म्हटलें होतें."

अप्पा काही बोलणार होते. तिनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं.

ती उठून स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळानं कॉफीच्या डिकॉक्शनचा वास माजघरात आला आणि अप्पांनी डोळे मिटून तो ओढून घेतला. तिनं पहिला टंब्लर रोजच्या रिवाजाप्रमाणे विठ्ठलापुढे ठेवला. हे मी विसरलोच होतो: घरात पहिली कॉफी नेहमी त्याची, मग तिची. तिची बंद झाल्यावर त्याला कुणी दिलीच नव्हती.

"त्याचें काय चुकलें," आत्या हळू आवाजात म्हणाली. "कॉफीवांचून त्याचें तरी डोकें कसें चालेल? मी काय मागतें हें न पाहतां देत सुटला."

मग तिनं आपला टंब्लर भरला, डवऱ्यात, म्हणजे त्याखालच्या पसरट वाटीत, उंचावरून ओतून फेस आणला आणि पहिला घोट घेतला. कितीतरी दिवसांनी तिच्या कपाळावरची आठी गेली. करार गेला तर जाऊ दे, असं मला त्या क्षणी मनापासून वाटलं.

टंब्लर रिकामा करून तिनं फोन पुन्हा हातात घेतला. आता माझ्या करारासाठी नवा नवस बोलायचा होता.

"अत्तां नीट सांग, कुठल्या रकान्यांत मागूं?"

"काही मागू नको आत्या. कॉफी पी."

"मी पितेंच कीं," ती अप्पांकडे बोट दाखवत म्हणाली. "ह्या खेपेस हा सोडेल."