नववं रीळ

माझे बाबा थिएटरात ऑपरेटर होते, म्हणजे केबिनमध्ये उभं राहून सिनेमा दाखवणारे. बत्तीस वर्षं. आमच्या गल्लीत त्यांचं नाव विचारलं तर कुणाला सांगता यायचं नाही, ऑपरेटरकाका म्हटलं की शेंबडं पोरही घर दाखवायचं. माणूस मुलखाचा अबोल, पण सिनेमाची गोष्ट सांगायला बसला की वेगळाच. रोज सकाळी कामावर जायच्या आधी आई धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसायची आणि बाबा तिला गोष्ट सांगायचे. तीही रिळारिळाने. "इथं तिसरं संपलं," म्हणायचे आणि चहाचा घोट घ्यायचे.

आईने सिनेमा पाहिलेला असायचाच. पहिला शुक्रवार, पहिला खेळ, शेवटची रांग, केबिनच्या खिडकीच्या बरोबर खाली, ही तिची ठरलेली जागा. तरी तिला तो बाबांच्या तोंडून ऐकायचा असे.

त्यातला एक सिनेमा तर तिने इतक्या वेळा सांगायला लावला की विचारू नका. त्यात एक म्हातारी नातीला आपल्या आयुष्याची गोष्ट सांगते. म्हातारी बोलू लागली की साठ वर्षांपूर्वीची नदी, तिचा नवरा, तिचा मुलगा. बोलायची थांबली की परत आजची खोली. अठ्ठावीस वर्षं मी हे ऐकलं, कान किटले माझे. एकदा चिडून म्हणालेही, जगात दुसरा सिनेमा निघालाच नाही का? माझं डोकं मुळातच तापट. आईने उशीच्या अभ्र्याची घातलेली घडी मोडून परत घातली.

खरं काय ते मला आईने फार उशिरा सांगितलं.

तो सिनेमा लागला तेव्हा दादाला जाऊन दोन महिने झाले होते. दादा माझा मोठा भाऊ, एकोणीस वर्षांचा. एका रविवारी मित्रांबरोबर जुन्या खाणीच्या पाण्यात पोहायला गेला, तो परत आलाच नाही. तेव्हापासून घरात कुणी त्याचं नाव काढत नसे. तसं कुणी ठरवलं नव्हतं, पण त्याच्याबद्दल बोलणं बंद झालं ते झालंच.

प्रिंट आली की बाबा आदल्या दिवशी एकेक रीळ हाताने फिरवून तपासायचे, कुठे फाटलंय, कुठे जोड सुटलाय, आणि मग मशीनवर लावून बघायचे. त्या वेळी नववं रीळ त्यांनी पाहिलं, परत डब्यात घातलं आणि डबा बाकाखाली सरकवला. त्या रिळात म्हातारीचा मुलगा बुडतो. शुक्रवारी त्यांनी आठव्यानंतर थेट दहावं लावलं. मालकाला कळतं तर नोकरीच जाती. पण गोष्टच अशी मागेपुढे होणारी, की थिएटरात कुणाला पत्ता लागला नाही.

आईला लागला. रीळ संपत आलं की पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात एक गोल ठिपका चमकतो, ऑपरेटरने दुसरं मशीन सुरू करावं म्हणून. लोकांना तो दिसत नाही, ऑपरेटरच्या बायकोला दिसतो. डबे चौदा आलेत हे बाबांनी सांगितलेलं, म्हणजे ठिपके तेरा. आईने बाराच मोजले. आणि आठव्यात जेवायला बसलेला मुलगा पुढे दिसलाच नाही, दिसला तो खुंटीवरचा त्याचा सदरा. काय गाळलंय हे कळायला तिला आणखी काय हवं होतं?

घरी येऊन तिने जाब विचारला नाही. गोष्ट सांगा, एवढंच म्हणाली. बाबांनी सांगितली आणि आठव्यावरून दहाव्यावर गेले. महिन्याभराने तिने परत सांगायला लावली. मग परत. मला वाटायचं, तिला तो सिनेमा आवडतो. कपाळ माझं! ती नवव्याची वाट बघत होती.

गेल्या वर्षी बाबांचं हृदय थकलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आता फार दिवस नाहीत. दुपारी वॉर्डात आई त्यांच्या टॉवेलांच्या घड्या घालत बसली होती. म्हणाली, गोष्ट सांगा. मी भडकले. माणसाला धड श्वास घेता येत नाही आणि हिला गोष्टी सुचतात! आईने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

बाबांनी सुरुवात केली. आठव्यापर्यंत यायला तास लागला. मुलगा जेवायला बसला, इथं ते थांबले. दमले असतील म्हणून मी म्हणाले, मग दहावं. त्यांनी मानेनेच नाही म्हटलं.

"नवव्यात बाप मुलाला होडी सोडून देतो," ते म्हणाले. "आई नको म्हणालेली असते. बाप म्हणतो, जा, तिला सांगू नकोस." त्यांनी आईकडे पाहिलं. "मीच म्हणालो होतो गं त्याला. चप्पल घालत होता तो. मी म्हणालो, जा, तिला नको सांगू."

आईच्या हातातला टॉवेल तसाच राहिला.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "मी आतच होते. ऐकलं होतं. म्हटलं, जाऊ दे, पोरगं आहे. मीही नाही अडवलं. तुम्ही तुमचं सांगितलं असतंत, तर मी माझं सांगणार होते."

मला दोघांचा असा राग आला म्हणून सांगू! आणि रडूही आलं. अठ्ठावीस वर्षं रोज सकाळी समोरासमोर बसून दोघंही एकच गोष्ट गिळत होती.

बाबांनी तिचा हात धरला आणि म्हणाले, "दहावं तू सांग."

आईने सांगितलं. नदीवरून माणसं परत येतात, चूल पेटलेली नसते, खुंटीवर मुलाचा निळा सदरा असतो. सिनेमात तो सदरा पांढरा होता, बाबांकडून मी शंभरदा ऐकलंय. निळा दादाचा होता. बाबांनी तिची चूक काढली नाही. चार दिवसांनी ते गेले.