मामाची टीएन गाडी

गेल्या मंगळवारी सुट्टी टाकून सांगलीला गेले होते. मामाच्या गाडीला नवी नंबर प्लेट बसवायची होती... टीएन जाऊन एमएच दहा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. माझा मामा गलाईवाला, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करून देणारा. कडेगाव, विटा भागातली कितीतरी माणसं या धंद्यापायी देशभर पांगलेली आहेत. मामा मिसरूड फुटायच्या आत तामिळनाडूत सेलमला गेला आणि आयुष्य त्याने तिकडेच काढलं.

आमच्या लहानपणी ही सगळी माणसं यात्रेला गावी यायची. देवळामागच्या माळावर गाड्या लागायच्या... टीएन, केएल, एपी, एकदा तर पार ओडिशाची. कोणाचा मामा जास्त लांबून आला, यावर आम्हा मुलांची भांडणं व्हायची.

मी आठवीत असताना मामा ही पांढरी गाडी घेऊन आला. दार उघडलं की मोगऱ्याचा आणि कॉफीच्या पुडीचा वास यायचा. आई काही काम नसताना त्या गाडीत जाऊन बसायची... भाऊ खरंच आलाय, याची खात्री करून घेत असावी.

गेल्या वर्षी मामाने दुकान बंद केलं आणि मामीला घेऊन तो कायमचा गावी आला. गाडी मला द्यायचं त्यानेच ठरवलं. मी शिरवळच्या एका कारखान्यात क्वालिटीत काम करते, शनिवारी आष्ट्याला घरी येते. "हायवेला हात करत हुबं ऱ्हायचं बंद कर," एवढंच म्हणाला.

सेलमहून एनओसी तो स्वतः घेऊन आला. पुढचं सगळं माझ्याकडे होतं. इथला रोड टॅक्स, मालकी बदल, गाडीचं पासिंग... चॅसिस नंबरवर कागद धरून पेन्सिलने ठसा घ्यायचा असतो. तो मी पहिल्याच प्रयत्नात स्वच्छ घेतला. असल्या कामात मला बरं वाटतं.

बरं वाटत नव्हतं ते वेगळ्याच गोष्टीचं. मामीचा आधी फोन आला होता... "गाडी एकदा पोरीच्या नावावर झाली की परत सेलमला जातो म्हणत्यात गं. हितं करमंना त्यास्नी." गावात जो भेटेल तो मामाला एकच विचारायचा, "कवा आलासा? किती दिस मुक्काम?" वर्ष झालं तरी हेच. मग मामाने घराबाहेर पडणंच कमी केलं.

म्हणजे मी काम जितकं चोख करणार, तितका मामा लवकर जाणार. तरी मी त्याला 'थांब' म्हणाले नाही. आमच्याकडे असं कोणी बोलत नाही... आणि मला तर अजिबात जमत नाही.

सांगलीत शेवटच्या कागदावर सही द्यायला मामा आणि मी आरटीओच्या रांगेत उभे होतो. मामा सही तमिळमध्ये करतो; बँकेत, दुकानात, सगळीकडे तीच चालत आली. मागचा माणूस कागदात डोकावून म्हणाला, "मामा, ही जिलेबी कसली काढलीय?"

"नाव हाय माझं," मामा म्हणाला. तो माणूस हसला. मामा हसला नाही.

प्लेट बसली. मामाने जुन्या प्लेटकडे वळूनही पाहिलं नाही. परतीच्या वाटेवर त्याने विचारलं, सेलमसाठी आधी बंगळूर गाठायला सांगलीतून बस कधी असते. मी गाडी बाजूला घेतली, मोबाईलवर बघितलं आणि सांगितलं... खरी वेळ सांगितली.

कडेगाव मागे टाकून गावच्या रस्त्याला लागलो आणि समोरून उसाचा ट्रॅक्टर आला. मागे दोन भरलेल्या ट्रॉल्या, रस्ता अरुंद. मी थांबले, तोही थांबला. मग त्याचा ड्रायव्हर खाली उतरला आणि माझ्याकडे न बघता थेट मामाच्या खिडकीशी आला.

"आवं तात्या, भरल्या ट्रॉल्या दिसंनात व्हय? मी कुटं मागं घिऊ? आन् तुमी काय पाव्हण्यागत बसलाय आत? उतरा की! पोरीला मागचं बघाय लागा!"

मामा मग उतरला... आणि भर उन्हात गाडीच्या मागे जाऊन हात हलवायला लागला. "येऊ दे, येऊ दे... डावीकडं काट. आगं डावीकडं म्हंतोय! बास!"

मी कशीबशी बांधाच्या कडेला गाडी लावली. ट्रॅक्टर शेजारून जाताना मामा ओरडला, "बापाची वाट हाय काय रं? थांब, उद्या घरीच येतो तुज्या!"

वरून उत्तर आलं, "या की! आदी च्या पिऊ, मग भांडू!"

मामा आत बसला तेव्हा पायजमा गुडघ्यापर्यंत धुळीने भरला होता. घर येईपर्यंत तो त्या ट्रॅक्टरवाल्या पोराच्या खानदानाबद्दल बोलत होता... आजा किती हेकट होता, बांध कोणी कोरला, कोणाची म्हैस कोणाच्या शाळवाच्या पिकात शिरली. एवढं बोलताना मी त्याला वर्षभरात ऐकलं नव्हतं.

जेवताना मामीने हळूच विचारलं, सेलमला कवा निघायचं. मामा भाकरी मोडत म्हणाला, "उद्या कसा जाऊ? उद्या त्या ट्रॅक्टरवाल्याकडं जायाचं हाय मला."

गेला. दुसऱ्या दिवशीही गेला. मामी म्हणते, भांडण अजून चालू आहे... रोज चहाबरोबर. सेलमचं नाव नाही.

नंबर प्लेट बदलली म्हणून तो ड्रायव्हर तसा बोलला, असा माझा दावा नाही. त्याने प्लेट पाहिली तरी होती का, मला माहीत नाही. पण वर्षभर सगळं गाव मामाशी फार जपून, फार चांगलं वागत होतं... आणि नेमकं तेच त्याला सोसत नव्हतं, हे आम्हा घरच्यांच्या लक्षात आलं नाही.

त्या ड्रायव्हरला हे मी कधी सांगणार नाही. म्हणून इथे लिहिते... दादा, त्या दिवशी मामावर खेकसलात, त्याबद्दल मनापासून आभार.