रौशान आपाची किटली

कझाकस्तानातल्या कारागांदा शहराच्या त्या पिठाच्या गिरणीत हिशेबाचं सॉफ्टवेअर सगळ्यांना मिळून एकच होतं. ते अडलं की कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या बेकझातचा जीव खायचा, हा तिथला रिवाज. तिन्ही खोल्यांतल्या बायकांची कनेक्शनं एकदम तुटायची. हा कामं टाकून धावायचा, वायरी चाचपायचा, तोवर सगळं आपोआप सुरळीत.

एकदा तो मुख्य हिशेबनीस रौशान आपाच्या टेबलाखाली वाकला आणि चोर सापडला. भिंतीत सॉकेट एकच. पाहुणा आला की आपा तिन्ही खोल्यांना जोडणाऱ्या नेटवर्कच्या डबीची पिन उपटून तिथे चहाच्या किटलीची खुपसायची. आणि आपाकडे पाहुण्यांना काय तोटा!

त्यानं पदरमोड करून एक्स्टेन्शन बोर्ड आणून दिला. आठवड्यानं पुन्हा फोन.

"आपा, बोर्ड कुठाय?"

"भाचीच्या लग्नात आहेर केला. इतकी चांगली वस्तू ऑफिसात कोण वापरतं, वेड्या? बस, चहा टाकते."

"चहा नको. आज त्या पिनला हात लावायचा नाही."

बौरसाकची, तळलेल्या पिठाच्या गोळ्यांची, गरम ताटली पुढे करणारा आपाचा हात थबकला. "माझ्या दारातून कोरड्या तोंडानं जाणार? तुझ्या आईला काय तोंड दाखवू मी?"

बेकझातनं शिव्या गिळल्या. टेबलाखाली वाकून त्यानं स्वतःच्या हातानं डबीची पिन काढली आणि किटलीची लावली.

पलीकडच्या खोलीतून आरोळी आली, "अगं बाई, पुन्हा गेलं! लावा त्या बेकझातला फोन!"

त्याचा खिसा वाजू लागला.